सतरा इंच

मिरजेत आमच्या दुकानासमोर दवाखाना आहे.
म्हणजे खरं तर दवाखान्यासमोर आमचं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, आधारची प्रिंट,
आणि रद्दी. दोन रुपयांना चार पानं,
बसायला.

कारण आवारात बसायला काही नव्हतं.
फरशी होती, मे महिन्यात
भाकरी भाजून निघेल अशी.
जतहून, अथणीहून, जमखंडीहून आलेली माणसं
पाण्याच्या टाकीच्या सावलीबरोबर सरकत राहायची,
सकाळी गेटापाशी, दुपारी मोटरसायकलींच्या मधे.
चारनंतर सावली शवागाराकडे वळायची,
तिकडं मात्र कुणी सरकायचं नाही.

मग बिरनाळे बाई आल्या.
कार्डावर लँडस्केप आर्किटेक्ट.
मला वाटलं, माळीकाम बघत असतील.
डोक्यावर टोपी, पायात मातीचे बूट,
तीन दिवस माझ्या कट्ट्यावर बसून.
झाड लावलं नाही, रेघ ओढली नाही कागदावर.
दर तासाला उठायच्या,
सावलीची कड खडूनं आखून यायच्या.
वॉचमन दस्तगीरचाचांना त्यांनी विचारलं,
"माणसं दारातून बाहेर आली, की आधी काय करतात?"
चाचा म्हणाले, "वर बघतात.
तिसऱ्या मजल्यावर आपली खिडकी कुठली, ते."
बाईंनी ते लिहून घेतलं.
मी मनात म्हटलं, ह्याचे पैसे मिळतात?

ट्रस्टींना हवं होतं कारंजं, रंगीत दिव्यांचं,
आणि लॉन, आणि लॉनवर चालू नये अशी पाटी.
भांडण किती दिवस चाललं, ठाऊक नाही.
नकाशांच्या प्रती मात्र माझ्याकडंच निघायच्या,
आणि दर प्रतीत कारंजं
थोडं थोडं लहान होत गेलं.
शेवटी त्याचा नळ झाला.
खाली दगडाची उतरती कुंडी,
डबा घासा, तोंड धुवा, चूळ भरा,
पाणी आपलं आपण करंजाच्या मुळाशी जातं.

फरशी निघाली. खाली माती होतीच की,
काळी, दबलेली, तीस वर्षांनी ऊन बघणारी.
करंज लागले, दोन बहावे, एक कडुनिंब,
आणि एक लांबलचक बसकी भिंत, वळत गेलेली,
जिच्यावर कुठंही बसा,
तिसरा मजला दिसतो.
रुंदी अशी, की दोन माणसांच्या मधे
डबा उघडून ठेवता येतो.
मागे तारा बांधल्या, लुगडी वाळत घालायला.
त्या ट्रस्टींना अजून खुपतात.
भिंत संपते तिथं एक कोपरा,
कुठल्याच खिडकीतून न दिसणारा.
नकाशात सगळ्यांना आकडे होते, त्याला नव्हता.
माणसं तिकडं जातात,
बऱ्याच वेळानं नळाकडं येतात,
आणि टॉवेलनं तोंड पुसत
औषधांच्या रांगेत उभी राहतात.

माझी रद्दी खपेना झाली.
खोटं कशाला, राग आला होता.

गेल्या पौषात वहिनींना आत नेलं.
रात्री अडीचला मी त्या भिंतीवर,
समोर माझंच दुकान, शटर पडलेलं.
शेजारची म्हातारी कन्नडमधून काही विचारत होती,
मला कळलं नाही, मी हो म्हटलं.
तिनं कडक भाकरी दिली, वर शेंगाची चटणी,
आणि गुडघ्यावर हात न टेकता
सहज उठून पाणी प्यायला गेली.
हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून
किल्ल्यांना अडकवलेला टेप काढला,
भिंतीला लावला. सतरा इंच.
असेल, म्हटलं, कुठल्यातरी पुस्तकातला आकडा.

वहिनी नवव्या दिवशी घरी आल्या.
दहाव्या दिवशी दुकान उघडताना
टेप कट्ट्याला लावला.
सतरा.

हा दगड वडिलांनी बसवला, मिळाला तसा,
ना माप ना ओळंबा.
आणि वीस वर्षं त्याच्यावरून मी माणसं उठवली,
"ओ पाव्हणं, गिऱ्हाइकाची वाट सोडा!"
बाई त्यांच्यात बसून तीन दिवस बघत होत्या,
कोण कसं बसतं, कोण कसं उठतं.
मी समजत होतो, सावली मोजतायत.

आज कट्ट्यावर दोघं आहेत, जतचे असावेत.
मधे डबा उघडा, वांग्याचा वास.
मी बाजूनं वळसा घालतो,
आणि शटर
जमेल तेवढं हळू वर करतो.